एकदा छापलं की छापलं

४ मार्च

आज तोंडातून असं काही निघून गेलं की आता ते मलाच निस्तरावं लागणार.

थेरपिस्ट बाई दुपारी दादाकडे आल्या होत्या. त्या त्याच्या जिभेचे, ओठांचे व्यायाम करून घेतात. जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. कळतं मात्र सगळं. आपण बोललेलं कळतं, टीव्हीवरचा विनोद कळतो, वहिनीनं आमटीत मीठ कमी घातलं तेही कळतं. शब्द तेवढा बाहेर येत नाही. घशापर्यंत येतो आणि दार लागल्यासारखा तिथेच अडतो. आणि हे व्हावं कुणाला, तर भाजीबाजारात पहाटेचा लिलाव पुकारणाऱ्या माणसाला! बाजारात त्याला भोंगा म्हणतात. त्याचा आवाज बाजाराच्या फाटकाबाहेर ऐकू यायचा. घरीही तो तसाच बोलायचा. आम्ही कानावर हात ठेवायचो.

म्हणून मी कार्डं केली. वर चित्र, खाली ठळक शब्द. पाणी, चहा, दुखतंय, कूस बदला, चष्मा, अशी. माझं कामच ते, बरण्यांची लेबलं, दुकानांच्या पाट्या, हॉटेलांची मेनूकार्डं डिझाइन करायची. कार्डं घरच्याच प्रिंटरवर काढली.

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही आमच्या वॉर्डात हवीत. प्रत्येक खाटेला एक सेट. एप्रिलमध्ये वॉर्ड नव्या इमारतीत जातोय, त्याआधी होतील? खर्च रुग्णालय करेल. छापखान्यात देऊन टाका."

"छापखान्यात कशाला? मी घरीच काढते."

"एवढी सगळी?"

"हो. त्यात काय!"

त्यात काय, ते आता कळेलच. पण घरच्या छपाईचं एक सुख असतं. चुकलं तर फाडून टाकता येतं, उद्या नवं काढता येतं. छापखान्याला आपण फाइल देतो आणि मग नुसते देव पाण्यात घालून बसतो.

७ मार्च

प्रिंटर रुसलाय. निळ्यात आडव्या पांढऱ्या रेघा येताहेत. तीन वेळा साफ केला. तो घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. वहिनी दारातून म्हणाली, "अगं, खोकला झालाय का तुझ्या मशीनला? काढा देऊ?"

संध्याकाळी दादासमोर नवी कार्डं मांडली. त्यानं डाव्या हातानं सगळी बाजूला सारली. दोन खाली पडली. कागद चकचकीत आहे, ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडून त्याच्या डोळ्यांना त्रास होत असणार. उद्या मळकट पांढरा, बिनचकाकीचा कागद आणते.

"दादा, काय हवंय? पाणी? नको. चहा? कूस बदलायची? पाय दुखतोय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली, ओठ जुळवले. "था… था…"

"थंडी! थंडी वाजतेय होय रे तुला?"

मी लगेच शाल पांघरली. पुन्हा "था" म्हणाला तेव्हा दुसरी पांघरली. मग त्यानं डोळे मिटून घेतले. वहिनी आली, कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, ह्यांना घाम आलाय."

मी म्हटलं, झटक्यानंतर असं होतं. घाम येतो तरी थंडी वाजते. कुठेतरी वाचलं होतं असं वाटतं.

थंडीचं कार्ड लगेच केलं. लाल किनारीची निळी शाल पांघरलेला माणूस. फार छान जमलंय. कितीतरी दिवसांनी त्याचा एक शब्द मला कळला.

१० मार्च

नुसतं विचारून तर येऊ, म्हणून आज छापखान्यात गेले. मालकीणबाई उंच, कानामागे पेन्सिल, तोंडात बडीशेप. यंत्राच्या आवाजात सतत बोलावं लागत असल्यामुळे त्या एरवीही ओरडूनच बोलतात. माझ्या चहाच्या कार्डावरचा नारिंगी कप त्यांनी स्क्रीनवर पाहिला आणि म्हणाल्या, "हा असा येणार नाही. स्क्रीन आतून पेटलेला असतो, कागद पेटलेला नसतो. हा विटेसारखा येईल."

"थोडा पिवळा वाढवला तर?"

"तर पिवळी वीट."

मग त्यांनी यंत्र दाखवलं. प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट बनते, ती चढली की हवे तेवढे कागद सारखेच निघतात. पहिला जसा, तसाच शेवटचा. "पण प्लेट झाल्यावर फोन करून इथे जरा बदला, तिथे जरा बदला म्हणायचं नाही. एकदा छापलं की छापलं. मी आधीच सांगते, म्हणजे नंतर रडारड नको."

घरी आले आणि प्रिंटर पुन्हा साफ केला.

११ मार्च

कपाचा रंग बदलला. जेवणानंतर पुन्हा बदलला. आता पहिला बरा वाटतोय.

१४ मार्च

आजचा प्रसंग लिहूनच काढते.

दुपारी मी शेजारच्या खोलीत कागद कापत होते. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत गेले तर पाण्याचा पेला खाली पडलेला, आणि दादाचा हात लालभडक. हनुवटीवर लाल, सदऱ्यावर लाल. मी किंचाळले. पुन्हा झटका आला, डोक्यात काही फुटलं, तोंडातून रक्त येतंय, क्षणात सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. फोन हातात घेतला आणि नंबर आठवेना. माझाच नंबर लावत होते बहुतेक.

वहिनी स्वयंपाकघरातून आली. तिनं त्याचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला. फडकं गुलाबी झालं. तिनं ते नाकाशी नेलं. "रक्त नाही हे. शाई आहे तुझी."

मी जमिनीवरच बसले. त्याच्या मुठीत एक कार्ड चुरगळलेलं होतं, पाण्यानं भिजून त्यातली शाई ओघळली होती. अर्धं फाटलेलं. उलगडून पाहिलं तर थंडीचं कार्ड. शालीच्या लाल किनारीनं हा घोळ केला होता. बिचाऱ्याला केवढी थंडी वाजत असेल, की कार्ड असं घट्ट धरून ठेवलं! आणि माझं लक्षच नव्हतं. रात्रीसाठी घोंगडी काढून ठेवली.

पण शाई! हीच कार्डं मी वॉर्डात देणार होते. तिथे लाळ असते, औषधं सांडतात, थरथरत्या हातात पेले असतात. कुणाची मुलगी, कुणाचा नवरा असाच किंचाळला असता.

१५ मार्च

थेरपिस्ट बाईंना शाईचं सांगितलं. त्या घरच्या छपाईबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं. "कार्डं वापरतात का हे?"

"ढकलून देतात. रंग अजून नीट आले नाहीत म्हणून असेल."

"बोलायचा प्रयत्न करतात?"

"था था करतात. थंडी वाजते त्यांना."

बाई दादाकडे पाहत राहिल्या. "त्यांना वेळ देता का तुम्ही?"

मला रागच आला. दिवसभर त्याच्याच उशाशी असते मी. धंद्याची निम्मी कामं परत केली. म्हटलं, "अहो, दिवसभर इथेच तर बसलेली असते."

"बसता हो. दिसतंय मला ते. वेळ देता का, असं विचारते आहे."

दोन्हींत काय फरक आहे देव जाणे. शिकलेली माणसं शब्दांचा कीस फार काढतात.

जाताना म्हणाल्या, "छपाईचं लवकर ठरवा. आणि ह्यांनी हा असा भिंतीकडे तोंड करून पडायचा नाद लावून घेतलाय, तो मला आवडत नाही. पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात."

हे वाक्य डोक्यात बसलंय. कुठून तरी सारखं ऐकू येतंय.

१६ मार्च

वहिनी भांडी लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "तू कार्डं छापखान्यात का देत नाहीस, ते मला ठाऊक आहे."

"रंगामुळे."

"बरं. रंगामुळे."

आणि भांडी लावत राहिली. मला वाटलं पुढे काही बोलेल. ती क्वचितच पुढे बोलते. दादाशी संसार करून तिला अर्धंच वाक्य बोलायची सवय झालीय. उरलेलं अर्धं तोच मोठ्यानं बोलून टाकायचा.

खरं सांगायचं तर माझं मलाही नीट कळत नाही. घरी काढलेलं कार्ड म्हणजे तात्पुरतं. दादा बरा होईपर्यंतचं. पण शेकड्यांनी छापलेली, पक्की, धुता येतील अशी कार्डं म्हणजे… इथे पेन अडतंय. उद्या बघू.

१८ मार्च

घरी पूर्ण सेट करून बघितला. एकदा मनाची खात्री करायची होती. कार्डांवर प्लास्टिक चढवायचं लहान मशीन आणलं. त्यात बुडबुडे येतात. नखानं दाबले तर सरकतात, जात नाहीत. कार्ट्रिज मध्येच संपत आलं, त्यामुळे पहिल्या सेटमधलं पाणी निळं आणि शेवटच्यातलं पाणी हिरवं, शेवाळलेल्या हौदासारखं. वॉर्डातल्या माणसाला हे पाणी कोण समजेल? कटिंग तिरकं. माझीच मान दुखायला लागली, आणि मानेचं कार्ड मी केलेलंच नाही.

दुपारी फाइल छापखान्याला पाठवून दिली. बटण दाबल्यावर लगेच वाटलं, परत घ्यावी. सात मिनिटांनी दुरुस्त फाइल पाठवली. मग आणखी एक. मालकीणबाईंचा फोन आला. "बाई, यातली शेवटची कुठली? की अजून येतेय?"

२१ मार्च

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

छापखान्यातून निरोप आला, प्रूफ तयार आहे, येऊन बघा आणि सही करा. वहिनीला तिच्या शाळेच्या कार्यालयातून आज सुट्टी मिळेना. दादाला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. शेवटी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं, शाल पांघरली आणि टॅक्सीनं घेऊन गेले. वाटभर घालमेल. उन्हात नेलं, गर्दीत नेलं, काही झालं तर वहिनीला काय तोंड दाखवणार!

आत शिरलो तेव्हा मोठं यंत्र चालू होतं. खडखडाट, माणसांची हाकाहाक, कागदाचे ढीग. मला वाटलं, ह्याला त्रास होईल. पण दादानं मान वर केली. झटक्यानंतर पहिल्यांदाच तो ताठ बसला. मग लक्षात आलं, बाजारात असाच कल्लोळ असायचा.

मालकीणबाईंनी माझ्याकडे न बघता त्यालाच विचारलं, "या. तुमच्यासाठी केलीत ना ही कार्डं? मग तुम्हीच बघा." आणि मोठा कागद त्याच्यासमोरच्या टेबलावर पसरला. एका कागदावर सगळी कार्डं ओळींनी छापलेली, अजून न कापलेली. कप विटेसारखाच आला होता. तरी बरा दिसत होता. विटेचा का होईना, चहाच वाटत होता.

"एक अडचण आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "शेवटच्या ओळीत एक घर रिकामं राहतंय. कागद उगाच फुकट जातो. काही टाकायचं का तिथे?"

मी म्हटलं, "नको, राहू दे." मला तिथून लवकर निघायचं होतं.

दादानं डावा हात उचलला आणि रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. काढेचना.

"काय दादा? आणखी एक हवंय? भूक? भूक आहे बघ वर. डॉक्टर? औषध? झोप?"

"था…"

"थंडी आहे रे, ही काय, निळी शाल. दुसऱ्या ओळीत. दिसतेय ना?"

त्यानं टेबलावर थाड्कन हात मारला. कागद उडाला. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. मी घाबरून गेले. "पाणी हवंय? दुखतंय का? छातीत? परत जाऊ या का घरी? अहो, जरा ते यंत्र बंद करता का, ह्याला आवाजानं—"

"अहो बाई, थांबा की जरा!" मालकीणबाई ओरडल्या. "ते बोलताहेत!"

दादाचं बोट वर गेलं. सरळ मालकीणबाईंच्या तोंडाकडे. तो मान हलवत होता, हो, हो, हो, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालकीणबाई गोंधळल्या. "मी काय म्हटलं? मी फक्त म्हटलं की थांबा…"

"थां… बा," दादा म्हणाला. दोन तुकड्यांत. पण म्हणाला.

कुणीतरी यंत्र बंद केलं होतं. मी त्याच्या खांद्यावरची शाल काढली. सदरा घामानं पाठीला चिकटलेला होता.

काय बोलावं ते मला सुचेना, आणि पहिल्यांदाच ते बरं झालं. दादा कितीतरी वेळ ओठ जुळवत राहिला. कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी त्यानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी."

"थांबा, मी बोलतोय. असं हवंय?" मी विचारलं, आणि मग जीभ चावून गप्प बसले.

त्यानं मान डोलावली.

मालकीणबाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "पण बायका पण वापरणार ना? 'बोलतोय' म्हटलं तर त्यांनी काय करायचं? 'थांबा, मला बोलू द्या' करा." मग घसा खाकरून त्यांनी दादाला विचारलं, "आणि थंडीचं कार्ड? ठेवायचं का काढायचं?"

दादा हसला. आवाज करून हसला. तोंड एका बाजूला वाकडं होतं हसताना, पण हसू त्याचंच होतं. त्यानं थंडीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. राहू दे म्हणे.

नव्या कार्डाचं चित्र तिथेच काढलं. त्याचा डावा पंजा कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. मग सही केली. रंगाचं विचारायचं विसरूनच गेले.

२२ मार्च

आज दादासमोर हात मांडीखाली दाबून बसले. त्यानं सुरुवात केली, "खि…" माझ्या जिभेवर खीर, खिसा, खिचडी सगळं आलं. गिळलं. बाहेर एक स्कूटर सुरू होऊन निघून गेली. तो अडला, परत फिरला, पुन्हा आला.

"खिड… की."

मी खिडकी उघडली. एवढंच. पण हे "एवढंच" सोपं नाही. घरचा प्रिंटर साफ करणं ह्याहून सोपं.

२७ मार्च

छपाई झाली. लॅमिनेशन, कटिंग चालू आहे. सकाळपासून वाटतंय की 'दुखतंय'वरचा अनुस्वार राहिला असेल. प्रूफमध्ये होता. मी बघितला होता. बघितला होता ना? फोन करायला उचलला आणि ठेवून दिला. एकदा छापलं की छापलं.

(होता. वहिनी ऑफिसातून येताना छापखान्यात डोकावून आली. मी सांगितलं नव्हतं तिला. चेहऱ्यावरून ओळखलं म्हणे.)

२ एप्रिल

कार्डं वॉर्डात पोचली. नव्या इमारतीला अजून रंगाचा वास येतोय. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. डॉक्टर त्यांच्या मुलाशी त्यांच्याच तब्येतीबद्दल बोलत होते, त्यांच्या डोक्यावरून. बाईंनी सेट चाळला, पंजाचं कार्ड काढलं आणि डॉक्टरांच्या पोटावर टेकवलं. डॉक्टर वाक्याच्या मधोमध थांबले. पुढचं मला ऐकू आलं नाही, पण ते खुर्ची ओढून बसले एवढं बघितलं.

थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "आता घरचा प्रिंटर विकणार?" म्हटलं, नाही. सगळ्यांना लागतं ते छापखान्यात. पण एखाद्याला नातवाचं नाव हवं असेल, एखाद्याला त्याच्या मांजराचा फोटो. अशी एकेका माणसाची कार्डं मी घरी काढून देईन, प्लास्टिक नीट चढवून. बुडबुड्यांची युक्ती सापडलीय, मशीन आधी पुरतं तापू द्यायचं.

दादा पुन्हा लिलाव पुकारेल का, हे मला माहीत नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनाही माहीत नाही.

६ एप्रिल

आज दादा-वहिनी भांडले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

बाजारातले लोक दादाला भेटायला येऊ म्हणत होते. वहिनीनं परस्पर नको म्हणून सांगितलं. दादाला ते आज कळलं. त्यानं पंजाचं कार्ड वर धरलं. वहिनी थांबली. त्यानं तुकड्या तुकड्यांनी, घाम गाळत, तिला सुनावलं. "माझे… लोक. मी… सांग… णार." मी दारात उभी होते, आणि त्याच्या वतीनं एक अक्षरही बोलले नाही.

त्याचं झालं. वहिनी पुढे झाली, तिनं त्याच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि त्याच्याच तोंडासमोर धरलं.

"आता तुम्ही थांबा. मला बोलू द्या."

दादा बघतच राहिला. मीही. एवढ्या वर्षांत ह्या घरात भोंग्यासमोर कुणी असं केलं नव्हतं. ती बोलायला गेली आणि तिला शब्दच सापडेना. तिचीच जीभ अडली. मला वाटलं, आता दादा तिचं वाक्य पुरं करेल, निदान प्रयत्न तरी करेल.

त्यानं डाव्या हातानं शेजारची खुर्ची ओढली. ती बसेपर्यंत थांबला. मग बराच वेळ ओठ जुळवून, हळूच म्हणाला, "बोल."

मी दार लोटून घेतलं आणि भाजी आणते म्हणून बाहेर पडले. घरात भाजी होती.